मशीन लहान घ्यावं की मोठं

एम्लिनच्या छातीत डबी बसवली त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी ऐकलं. त्यानं ऐकलं ते एवढंच, की आठवड्याभरानं गाडी चालवता येईल. माझा नवरा असाच आहे. चार गोष्टी सांगा, त्यातली सोयीची तेवढी त्याच्या कानात शिरते, बाकीच्या वाऱ्यावर.

डबी म्हणजे पेसमेकर. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीपेक्षा जरा लहान. त्याचं हृदय चालता चालता मध्येच थांबायचं, आणि ते आम्हाला कळलं तेव्हा तो टेकडीवरच्या भाजीच्या वाफ्यात तोंडावर पडलेला होता. मी डबा घेऊन गेले तर नाकात माती, कपाळावर खोक, आणि म्हणतोय, "काही नाही, जरा टेकलो होतो." टेकलो होतो म्हणे! तोंडावर कोण टेकतं?

घरी आल्यावर तो खुर्चीत बसला तो बसलाच. रेडिओवर रग्बीचा सामना लागला तरी आवाज वाढवेना. वेल्सचा माणूस रग्बीला मान वळवत नाही म्हणजे त्याला पुन्हा दवाखान्यात न्यावं की काय, असं मला वाटायला लागलं. तो खिडकीतून मागच्या गल्लीतल्या शेडकडं बघायचा. शेडमध्ये ब्लॉडवेन उभी होती.

ब्लॉडवेन म्हणजे आमची जुनी मोटार. तिचा मागचा भाग लाकडी चौकटीचा, रुंद. एम्लिननं तिला आपल्या आत्याचं नाव दिलं. का दिलं ते आत्याला पाठमोरी बघितलेल्यांना लगेच कळायचं. लग्नानंतर आम्ही समुद्रावर गेलो ते याच गाडीतून, आणि आमच्या लेकीला, डेलिथला, दवाखान्यातून घरी आणलं तेही. आता तिच्या दाराखालचे दोन्ही उंबरठे गंजून गेले होते. एम्लिननं पेचकस टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. उंबरठे गेले की असली गाडी मधोमध वाकते. नवा पत्रा कापून, वाकवून, तिथं वेल्ड करणं एवढा एकच उपाय. हे काम तो हिवाळ्यात करणार होता. डबी आली आणि ते काम राहिलं.

तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेले. डबी तपासायला कॅरिस नावाची मुलगी असते. मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते तेव्हा तिला मी वाढलेलं आहे, आणि ती गाजरं टाकून उठायची हे मी विसरलेले नाही.

एम्लिननं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "थोडंफार वेल्डिंग केलं तर चालेल ना?"

ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याला कधीच जमलेलं नाही.

"मशीन कुठलंय, मिस्टर प्रॉसर?"

"अडीचशे अँपिअर." छाती फुगवून म्हणाला. "आमचा कारखाना बंद पडला तेव्हा आणलेलं. दोन माणसं लागतात उचलायला."

कॅरिसनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "ते मशीन चालू असेल त्या खोलीत तुम्ही पाऊल टाकायचं नाही. त्याच्या विजेनं ही डबी गोंधळते. तिला वाटतं, हृदय आपलं आपण चाललंय, आणि ती गप्प बसते. तुमचं हृदय तर आपलं आपण चालत नाही. मग काय होईल?"

"पुन्हा टेकेन," तो म्हणाला.

"आणि उठणार नाही," मी म्हणाले.

"आणि लहान मशीन असलं तर?" त्यानं विचारलं.

कॅरिसनं सुस्कारा टाकला. "एकशेतीसच्या आत असलं, तर निदान दोन फूट लांब राहायचं. मशीनपासून, वायरीपासून, आणि ज्या वस्तूला वेल्ड करताय तिच्यापासूनही. म्हणजे गाडीला हात लावायचाच नाही, वीज सगळ्या गाडीतून फिरते. चक्कर आली की ताबडतोब मागं सरकायचं. आणि माझं मत विचाराल, तर नकाच करू."

जिना उतरताना एम्लिन पुटपुटला, "म्हणजे लहान चालतं."

घरी पोचताच मी ते मोठं मशीन घराबाहेर काढायचं ठरवलं.

जुनं मशीन हेडन घेऊन गेला. हेडन हा एम्लिनचा मित्र, जुन्या गाड्यांच्या मंडळाचा चिटणीस, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत असलेला माणूस. त्यानं स्वतः होऊन विचारलं, "उंबरठे मी करून देऊ का?"

"दुसऱ्यानं जोडलेली गाडी दुसऱ्याची होते," एम्लिन खुर्चीतूनच म्हणाला, आणि पुन्हा खिडकीकडं वळला.

मला राग आला. खरं तर भीती वाटली, पण माझी भीती नेहमी रागाचे कपडे घालून बाहेर पडते. मी म्हणाले, "मी तर दुसरी नाही ना? मग मी करते."

आणि एम्लिन हसला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. इतका हसला की खोकला आला. हेडनही हसला, पण त्याच्याकडं मी लक्ष दिलं नाही. एम्लिनचं ते हसू बघितलं आणि मला कळलं, आता माघार नाही.

नवशिक्या माणसानं वेल्डिंगचं मशीन निवडणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. एक म्हणतो हे घे, दुसरा म्हणतो ते फेकून दे. पण माझी अडचण निराळीच होती, आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते. मोठं मशीन घ्यावं, तर एम्लिन शेडमध्ये नुसता बसला तरी त्याच्या जिवाला धोका. लहान घ्यावं, तर 'लहान चालतं' म्हणत तो स्वतःच हातात घेणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि शेडमध्ये येऊच नको म्हणावं, तर तो खुर्चीत बसून वाळून जाणार. रात्री त्याच्या श्वासाकडं कान लावून मी याचाच विचार करत पडायची.

दुकान खाली गावात, पुलापलीकडं. दुकानदार ग्रिफ. आम्ही तिघं गेलो. मशीन मी घेणार होते, पण ग्रिफ बोलत होता एम्लिनशी, आणि उत्तरं देत होता हेडन.

"नवशिक्यासाठी हे," ग्रिफनं एक छोटं लाल मशीन पुढं ओढलं. "याला गॅस लागत नाही. तारेच्या पोटातच पावडर असते. सिलिंडरची कटकट नाही."

"पातळ पत्र्याला ते नको," हेडन म्हणाला. "भोकं पाडतं."

"नवशिका पाडतो भोकं. मशीन नाही पाडत."

"नवशिकी इथं उभी आहे," मी म्हणाले. "मला चालवून दाखवा. मला ऐकायचंय."

"ऐकायचंय?"

"बघून मला काय कळणार? ऐकून कळेल."

ग्रिफनं खांदे उडवले, आम्हाला मागच्या खोलीत नेलं आणि पत्र्याच्या तुकड्यावर वेल्डचे टाके मारून दाखवले. मी एम्लिनला दाराबाहेर उभं केलं, आणि मध्ये माझी स्वतःची पाठ ठेवली. लाल मशीन तडतडलं, थुंकलं, पुन्हा तडतडलं. ओल्या तव्यावर तेल टाकल्यासारखं. शिंतोडे माझ्या बुटापर्यंत आले. मग त्यानं निळं लावलं, गॅसच्या सिलिंडरचं. सुरुवातीला फुसफुसलं, आणि मग एकसारखा आवाज यायला लागला. तो आवाज मी जन्मभर ऐकलाय. कढईत बेकनचे काप टाकले, आच बरोबर असली, की असाच येतो.

"हे," मी म्हणाले.

"बाईला कान आहे," ग्रिफ म्हणाला. आता कुठं तो माझ्याशी बोलला. "यात दोन आहेत. हे लहान, एकशेवीसचं. आणि हे मोठं, दोनशेचं."

"मोठं," हेडन लगेच म्हणाला. "सगळे आधी लहान घेतात आणि वर्षात पस्तावतात. पुढं कधी जाड काम निघालं म्हणजे?"

"लहान," दारातून एम्लिन म्हणाला. फारच लवकर म्हणाला.

मी वळून बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याची नजर निळ्या मशीनच्या हातात धरायच्या गनवर होती, आणि त्याचा उजवा हात कोटाच्या बाजूला लोंबत होता. त्या हाताचं पहिलं बोट हळूच आवळत होतं, सुटत होतं. बंदुकीचा घोडा दाबल्यासारखं.

हा माणूस मनातल्या मनात वेल्डिंग करत होता.

मी बराच वेळ त्या दोन मशीनांच्या मध्ये उभी राहिले. ग्रिफला वाटलं मी किमतीचा विचार करतेय. मोठं घेतलं तर एम्लिन ते हातात घ्यायला घाबरेल, एवढी अक्कल त्याला आहे. मग तो लांब राहील. पण किती लांब? ज्यानं आयुष्यभर त्या गाडीला रोज हात लावला, तो लावायचा थांबेल? माझी एक चूक झाली, एखादी ठिणगी उडाली, तर तो स्टुलावर बसून राहील? नाही. चव्वेचाळीस वर्षं मी त्याच्याबरोबर काढलीत. तो येणार. केव्हा ना केव्हा तो मध्ये येणारच, आणि त्या वेळी माझ्या हातात जे असेल ते शक्य तितकं लहान असायला हवं. नवरा शहाण्यासारखा वागेल असं धरून मशीन घेता येत नाही.

"लहान द्या," मी म्हणाले.

एम्लिनचा चेहरा उजळला. हेडन म्हणाला, "पस्तावशील, मेन्ना." मी म्हणाले, "तो माझा प्रश्न."

शेडमध्ये पहिलं काम मी काय केलं, तर पांढरा रंग घेऊन जमिनीवर रेघ मारली. ब्लॉडवेनपासून चांगली लांब. रेघेपलीकडं एम्लिनचं स्टूल. मशीनच्या अर्थिंगच्या वायरीचा, गाडीला लावायचा चिमटा मी रोज संध्याकाळी काढून पावाच्या डब्यात ठेवायची, कारण चिमट्याशिवाय ठिणगी पडत नाही.

"माझ्यावर विश्वास नाही?" एम्लिननं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्यांत एक रीत आहे. वेल्ड करणारा एकटा कधी काम करत नाही. त्याच्या तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा, त्याला ठिणगीपलीकडचं काही दिसत नाही. पत्र्याच्या मागच्या बाजूला रंग पेटला, गालिचा पेटला, तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून दुसऱ्यानं पाणी घेऊन बसायचं आणि नजर ठेवायची. काम झाल्यावरही दोघांनी तिथंच चहा पीत तासभर थांबायचं, कारण आग कधी कधी उशिरा डोकं काढते. इतकी वर्षं पाणी घेऊन मी बसत आले. आता जागा बदलल्या. नजर ठेवणाऱ्यानं जवळ बसायला हवं आणि एम्लिननं लांब, हा मोठाच घोळ होता. शेवटी मी त्याला बागेतला लांब नळीचा फवारा दिला, गुलाबावरच्या किडीसाठी असतो तो. रेघेमागून तो फवारा गाडीपर्यंत पोचायचा.

"गुलाब समजून मार," मी म्हणाले.

"गुलाबाला एवढी बडबड नसते," तो म्हणाला.

मी जुन्या धुलाईयंत्राच्या पत्र्यावर शिकले. शिकले म्हणजे आधी त्याची चाळण केली. एम्लिन स्टुलावरून ओरडायचा. "सलग रेघ ओढू नकोस बाई, पत्रा वाकडा होईल! एक टाका इथं, थांब. दुसरा तिकडं, थांब. गार होऊ दे. घाई कसली? बस पकडायचीय?" त्याचे गाल लाल व्हायचे. तो जेवायला लागला. संध्याकाळी रग्बीचा आवाज वाढवायला लागला. हे सगळं बघून मला बरं वाटायचं आणि त्याच वेळी जीव टांगणीला लागायचा, कारण दर भोकाला तो स्टुलावरून अर्धा उठायचा.

"खाली बस!"

"बसलोय."

"तुझी तंगडी रेघेच्या आत आहे."

"तंगडीत डबी नाहीये, मेन्ना."

मुखवटा खाली केला की मला तो दिसत नसे. तेच मला सहन होत नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं, दोन-तीन टाके झाले की मी हाक मारायची, "एम?" आणि त्यानं म्हणायचं, "चालू दे." तेवढं ऐकलं की मी पुढचा टाका मारायची. त्याचा आवाज यायला एक क्षण उशीर झाला तरी माझा पुढचा टाका बिघडायचा, आणि भोक पडायचं.

एकदा मी बाजारातून येत होते. गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि शेडमधून तो आवाज आला. एकसारखा, चुरचुरता, बरोबर आचेचा. माझ्या हातातली पिशवी तिथंच पडली. अंडी फुटली. धावत कशी गेले मला आठवत नाही. दार ढकललं तर एम्लिन रेघेपलीकडं स्टुलावर बसून, छोट्या स्टोव्हवर खरंखुरं बेकन भाजत होता.

"अंडी आणलीस का?" त्यानं विचारलं.

मी खाली बसले आणि रडले. त्याला काही कळेना. त्यानं मला एक काप दिला, आणि मी तो रडत रडत खाल्ला. असल्या भीतीत माणूस किती दिवस काढणार? पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चिमटा घेऊन शेडमध्ये गेले.

उजवा उंबरठा झाला. हेडन बघायला आला, नखानं खरवडलं, हातोडीनं ठोकलं आणि म्हणाला, "दिसायला भयंकर आहे, पण धरलंय." त्याच्या तोंडून ही स्तुतीच.

मग डावा. डावा जास्त खराब होता, आणि त्याचं कारण एम्लिनची माया. आमच्याकडं पाऊस कधी थांबत नाही, म्हणून दर शरदात एम्लिन गंज टाळायला उंबरठ्याच्या पोटात मेण आणि जुनं तेल ओतायचा. वर्षानुवर्षं ओतलं. गंज तरी आलाच, पण मेण तिथंच साचलं. जुना पत्रा कापल्यावर त्यानं मशीन बंद असताना आत हात घालून सगळं खरवडून काढलं होतं.

"सगळं?" मी विचारलं होतं.

"सगळं. बशी म्हणून वापरशील एवढं स्वच्छ."

त्या दिवशी मी सकाळी सुरुवात केली. बाहेर पाऊस, आत दिवा. एम्लिन स्टुलावर, फवारा मांडीवर. पत्रा जागेवर बसला, कडेला कड भिडली. पहिले टाके बेताचेच पडले. मग काय झालं कुणास ठाऊक, हात स्थिरावला. दाबलं की चुर्र, सोडलं की शांत. दाबलं, सोडलं. काळ्या काचेतून वितळलेला लहानसा ठिपका दिसायचा, गोल, चकचकीत, आणि तो मी म्हणेन तिथं जायचा. एकही भोक नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भीती वाटत नव्हती.

"एम?"

"चालू दे."

पुढचे टाके. पुन्हा तोच आवाज.

"एम?"

"चालू दे. छान चाललंय."

मी पुढं सरकले. दाराच्या मागच्या खांबापाशी आले, जिथून लाकडी चौकट सुरू होते. तिथं मी हाक न मारता जरा जास्तच टाके मारले, हे खरं आहे. हात चालला होता, मोडवत नव्हतं. मग जळक्या मेणाचा वास आला.

"एम?"

उत्तर नाही.

माझं बोट घोड्यावर होतं. मला वाटलं, त्याचं लक्ष नसेल. वाटलं, खोकत असेल. एवढं वाटायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात मी आणखी एक टाका मारला.

"एम्लिन?"

मी गन टाकली आणि मुखवटा वर केला. स्टूल रिकामं होतं. फवारा जमिनीवर आडवा पडला होता. गाडीच्या मागच्या टोकाकडून धूर येत होता, आणि एम्लिन तिथं उघड्या दारातून आत ओणवा झालेला होता. उजव्या हातात ओला टॉवेल, तो हात कोपरापर्यंत उंबरठ्याच्या पोटात, आणि छाती, डावा खांदा, सगळा भार ब्लॉडवेनच्या पत्र्यावर. त्याच पत्र्यावर मी आत्तापर्यंत वीज सोडत होते.

मी किंचाळले. भिंतीवरचं बटण मी हातानं बंद केलं की कोपरानं, मला आजही सांगता येणार नाही. मी त्याला काखेत धरून मागं ओढलं. दोघं जमिनीवर बसलो. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता, ओठ निळसर. टॉवेलमधून वाफ येत होती. आतली आग विझली होती.

"बघ माझ्याकडं. एम, बघ माझ्याकडं."

"बघतोय." आवाज लांबून आल्यासारखा. "जरा अंधारलं होतं. गेलं आता."

मी त्याच्या गळ्याला बोटं लावली. माझ्याच बोटांत इतकी धडधड होती की त्याची कुठली आणि माझी कुठली ते कळेना. मग हळूहळू कळायला लागलं. त्याची चालू होती. त्याच्या गालांवर रंग येईपर्यंत मी बोटं काढली नाहीत. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि मला वाटत होतं, एवढं एक ऐकू दे, मग आयुष्यात काही मागणार नाही.

मग मी कॅरिसला फोन लावला. ती म्हणाली, तसंच घेऊन या. हेडननं गाडी आणली. कॅरिसनं डबी तपासली, दोनदा तपासली. डबी ठीक होती. तिनं विचारलं, "मशीन कुठलं होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मोठं असतं, तर आत्ता आपण इथं बोलत नसतो, मिसेस प्रॉसर." हेडन खिडकीकडं वळून उभा राहिला.

घरी आल्यावर एम्लिनला खुर्चीत बसवलं, चहा दिला, आणि मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं.

"तुला धूर दिसला?"

"दिसला. मागच्या टोकाला थोडं मेण राहिलं होतं. फवारा तिथं पोचेना."

"मग ओरडला का नाहीस? 'आग' एवढा एक शब्द. मी बोट काढलं असतं, वीज गेली असती. मग घालायचास काय तो हात!"

त्यानं चहात आणखी एक चमचा साखर घातली.

"एम्लिन प्रॉसर, मी विचारतेय. ओरडला का नाहीस?"

"तू थांबली असतीस," तो म्हणाला.

"थांबलेच असते! त्यासाठीच तर ओरडायचं असतं!"

"अगं, पण किती सुंदर चाललं होतं." त्याचा आवाज चिरकला. "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बरोबर आवाज येत होता. मला तो मोडायचा नव्हता."

माझा हात उचलला गेला होता. तो मी तसाच खाली ठेवला. ज्या माणसाला मी जपत होते, तो माझे टाके जपत होता. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि भांडी घासत बसले. स्वच्छ होती तीही घासली.

शेड मी बंद केली. आठवडाभर कुणी त्या दाराला हात लावला नाही. एम्लिन पुन्हा खिडकीपाशी बसायला लागला, पुन्हा ताट अर्धं टाकायला लागला. माझ्याकडं बघायचा आणि नजर वळवायचा. मी पुन्हा रात्री त्याच्या श्वासाकडं कान लावून पडायची. मला कळत होतं, या खुर्चीत तो सुरक्षित आहे, आणि याच खुर्चीत मी त्याला गमावणार आहे.

रविवारी चॅपलमधल्या प्रार्थनेहून आल्यावर मी टोपी काढली, ॲप्रन घातला आणि म्हणाले, "ऊठ."

"कुठं?"

"शेडमध्ये. प्रश्न विचारू नकोस."

मी त्याला रेघेमागं स्टुलावर बसवलं. मशीन लावलं नाही. चिमटा तर घरातच होता. मी गाडीपाशी गुडघे टेकले, मुखवटा खाली केला आणि नुसती गन हातात धरली. काळ्या काचेआड काही दिसत नव्हतं.

"आता म्हण."

"काय म्हणू?"

"'मेन्ना, थांब.' मला ऐकायचंय तुला ते म्हणता येतं का. तुला येत नसेल, तर ही गाडी आजच हेडनच्या ताब्यात. आणि टाके कितीही सुंदर पडत असोत, ते गेले खड्ड्यात."

"मेन्ना, थांब," तो म्हणाला.

"हे शेजारच्या मांजरालाही ऐकू गेलं नाही. मशीन चालू आहे असं समज."

"मेन्ना, थांब!"

"तू मला थांबवतोयस की चहाला बोलावतोयस? पुन्हा."

"अगं, कसं वाटतं ते, मोठ्या माणसानं असं—"

"पुन्हा!"

मी अंधारात गुडघ्यांवर बसून होते. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, जड, अडखळणारा. मला मुखवटा वर करून बघावंसं वाटलं. मी केला नाही. इथं मी बघितलं असतं तर सगळंच वाया गेलं असतं.

मग तो ओरडला. आमच्या लग्नात, बाळंतपणात, त्याच्या आईच्या दफनात, कधी ऐकला नव्हता असा आवाज त्याच्या आतून आला. "मेन्ना! थांब! मला भीती वाटतेय! थांब, मेन्ना!" एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेजारच्या अंगणात कुणीतरी दार उघडलं. शब्द संपले तरी तो थांबेना, नुसतं माझं नाव घेत राहिला.

मी गन खाली ठेवली, मुखवटा काढला आणि रेघ ओलांडून त्याच्याकडं गेले.